दोनशे चौदा मुलींना एकच स्थळ

दुसऱ्याच्या जावयाचा सल्ला ऐकू नये, हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर आज मी नालवाडीत मान वर करून फिरलो असतो. स्वतःच्या जावयाचं तोंडदेखलं ऐकून सोडून देता येतं. दुसऱ्याचा जावई मात्र सासऱ्यासमोर बोलत असतो आणि सासरा आपल्याकडे बघत असतो. तिथं मान हलवण्यावाचून इलाज नसतो. मी मान हलवली. पुढं जे झालं त्याला आमच्या मेळाव्याच्या इतिवृत्तात 'तांत्रिक अनागोंदी' म्हटलं आहे. ते इतिवृत्त अध्यक्ष महादेवरावांनी लिहिलं आहे, म्हणून माझी बाजू मला वेगळी लिहावी लागते आहे.

मी प्रेमदास थूल. तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर विभागात प्रयोगशाळा सहाय्यक आहे. मुलं मला 'सर' म्हणतात आणि सर मला 'थूल' म्हणतात. बावीस वर्षं सर पुढं शिकवत असताना मागं उभं राहून मी सी भाषा शिकलो. मागं उभ्यानं शिकलेली विद्या पक्की असते अशी माझी समजूत होती. तिच्या जोरावर मी समितीच्या सभेत बोलून गेलो की, यंदाच्या उपवर वधू-वर परिचय मेळाव्यात जोड्या कॉम्प्युटर सुचवील.

महादेवराव निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. ते घरात पाणी मागतानासुद्धा मुद्दा क्रमांक एक म्हणतात असं ऐकिवात आहे. त्यांनी विचारलं, "मुद्दा क्रमांक एक, हे कराले किती दिवस लागते? मुद्दा क्रमांक दोन, बिघडलं तर जबाबदार कोण?"

"मी," असं मी म्हणालो. इतिवृत्तात हा शब्द अधोरेखित आहे.

खरं सांगायचं तर मी हे समाजासाठी करत नव्हतो. माझी थोरली बहीण तानाबाई त्याच आठवड्यात तळेगावहून आली होती, पिशवीभर तुरीच्या शेंगा आणि एक मागणी घेऊन.

"प्रेमदास, तुह्या कंप्युटरले सांग, ह्या साली आपल्या रुपेशचं जमलंच पाह्यजे. सहा मेळावे झाले बाप्पा. आता तो मेळाव्याले येतोच नाई म्हणून राह्यला."

"कॉम्प्युटरला ओळखीपाळखी नसतात अक्का."

"मंग काय कामाचा तो?" ती म्हणाली, आणि शेंगा सोलायला बसली.

रुपेश हा तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा. अर्थशास्त्रात पीएच.डी., सेट पास, वय अडतीस. तीन गावच्या तीन कॉलेजांत तो तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे जितके तास शिकवील तितक्याचंच मानधन. परीक्षा आली, तास नाही. निवडणूक आली, तास नाही. गॅदरिंगमध्ये मुलं नाचली, तास नाही. त्यामुळे तुझं महिन्याचं उत्पन्न किती, या प्रश्नाचं उत्तर अर्थशास्त्राच्या या डॉक्टरला देता येत नाही.

मेळाव्यात दर वर्षी तो मंचावर जाऊन नाव सांगायचा, शिक्षण सांगायचा. समोर बसलेल्या मुलींच्या आया लगबगीनं पर्समधून पेन काढायच्या. मग तो 'तासिका तत्त्वावर' म्हणायचा आणि पेनांना टोपणं लागायची. नंतर चर्चेसाठी मांडलेल्या टेबलावर तो दोन तास एकटा बसायचा, समोर दोन रिकाम्या खुर्च्या ठेवून. सहा वर्षांत त्या खुर्च्यांवर कोणी टेकलं नव्हतं. एकदा एक बाई टेकल्या होत्या, पण त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता. मला तो पोरगा फार आवडतो. मी ते त्याला कधी सांगितलेलं नाही.

अर्ज यायला लागले. चारशे पंचेचाळीस. मुली दोनशे चौदा, बाकी मुलगे. आमच्याकडे अर्ज भरण्याची एक स्वतंत्र रीत आहे. जे लपवायचं ते खोटं लिहायचं नाही, कारण खोटं बोलणार नाही असं आपण बुद्धवंदनेत म्हणतो. ते रिकामं सोडायचं. तिशी ओलांडली की वयाचा रकाना रिकामा. नोकरी डळमळीत असली की उत्पन्नाचा रकाना रिकामा. पोटजातीचा रकाना आम्ही तत्त्व म्हणून ठेवलाच नव्हता, तर लोकांनी ती समासात पेन्सिलीनं लिहिली. म्हणजे जे विचारलं ते सांगायचं नाही आणि जे विचारलं नाही ते आवर्जून सांगायचं. उंची तर कोणी मोजलेलीच नसते.

रुपेशचा अर्ज तानाबाईनं भरला. वय लिहिलं नाही. का, तर "वय काऊन लिहाचं? पाह्यल्यावर समजतेच." उत्पन्न रुपेशनं स्वतःच लिहू दिलं नाही, कारण अंदाज लिहिणं त्याला अप्रामाणिकपणाचं वाटलं. उंचीचा विषय निघेपर्यंत तळेगावची गाडी आली. असा आकड्यांचा एकही रकाना न भरलेला अर्ज माझ्याकडे आला.

मी मूर्ख नाही. रिकाम्या रकान्यांची सोय मी केली होती. कॉम्प्युटरमध्ये रिकाम्या जागी ठेवायला एक खास खूण असते, तिचा अर्थ 'हा आकडा नव्हे'. माझ्या प्रोग्रॅममध्ये स्वच्छ लिहिलं होतं, अशी खूण दिसली तर जोडी लावू नये, नाव वेगळ्या यादीत टाकावं आणि वर लिहावं, 'प्रत्यक्ष चौकशी करावी'. भाच्याचंही नाव त्या यादीत जाणार हे मला दिसत होतं. मी तरी नियम बदलला नाही. तानाबाईला यातलं काही सांगितलं नाही, एवढंच.

मेळाव्याच्या आठ दिवस आधी समितीसमोर प्रात्यक्षिक झालं. माझ्याच घरी, माझ्याच जुन्या कॉम्प्युटरवर. बटण दाबलं आणि सगळे पडद्याकडे बघत बसले. पाच मिनिटं झाली. बायको अंजूनं चहा आणला. चहा संपला. अकरा मिनिटांनी यादी आली, अगदी बरोबर आली, पण तोवर महादेवराव सोफ्यावर घोरत होते.

यादी बरोबर आहे का, हे कोणीच विचारलं नाही. शेजारचे बबनराव म्हणाले, "स्लो आहे यार थूलभाऊ. आमचे जावई आलेत पुण्याहून. आयटीतच आहेत. बोलावतो."

आणि धर्मेंद्र आले. पायात घरातल्या सपाता, हातात सासरचा चहाचा कप. माझ्या बावीस वर्षांच्या विद्येकडे त्यांनी उभ्या उभ्याच नजर टाकली.

"काका, तुम्ही ऑप्टिमायझेशन लावलंच नाही?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोग्रॅम आपण माणसाला वाचता येईल असा लिहितो. कंपायलर नावाचा दुसरा एक प्रोग्रॅम त्याचं मशीनच्या भाषेत भाषांतर करतो. ते कसं करायचं याच्या सूचना त्याला एकेका शब्दात देता येतात, त्यांना फ्लॅग म्हणतात. काहीच सूचना दिली नाही तर कंपायलर निमूटपणे ओळीला ओळ भाषांतर करतो. 'ओफास्ट' असा शब्द दिला की त्याला अंगात आल्यासारखं होतं. जे त्याच्या मते निरुपयोगी ते तो गाळून टाकतो, कोणाला न विचारता. आमच्या कार्यालयातही असे एक साहेब येऊन गेले.

धर्मेंद्रांनी तो एक शब्द लिहायला सांगितला. बबनराव माझ्याकडे बघत होते. मी लिहिला, बटण दाबलं, आणि प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळला. पडद्यावर 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढीच अक्षरं.

चूक माझीच निघाली. मी गेल्या वर्षीच्या हिशेबानं दोनशेच मुलींची जागा ठेवली होती. वरच्या चौदा जणी इतके दिवस शेजारच्या मोकळ्या जागेत दाटीवाटीनं बसून घेत होत्या आणि कोणाला त्रास होत नव्हता. ओफास्टनं सगळ्या वस्तू ठासून लावल्यावर ती मोकळी जागा राहिली नाही. मी जागा वाढवली. प्रोग्रॅम उभा राहिला, पण आता कंपायलर इंग्रजीत बडबडायला लागला. सदतीस इशारे. अमुक ओळ पाहा, तमुक तपासणीला या फ्लॅगमुळे अर्थ राहत नाही, वगैरे.

"याचं काय करायचं?" मी विचारलं.

"ते वॉर्निंग्ज आहेत काका. एरर नाहीत. आम्ही ऑफिसात बंदच करून ठेवतो," धर्मेंद्र म्हणाले, आणि इशारे बंद करण्याचाही एक फ्लॅग त्यांनी सांगितला.

तोही मी लिहिला. कंपायलर गप्प झाला. घरात एकदम प्रसन्न वाटलं. आता अकरा मिनिटांचं काम दहा मिनिटं वीस सेकंदांत होऊ लागलं. चाळीस सेकंद वाचले म्हणून बबनरावांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली आणि यादी कोणीही वाचून पाहिली नाही. त्या कोणीहीमध्ये मी होतो.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह भरून गेलं. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं, महादेवरावांचे सोळा मुद्दे झाले. मग प्रत्येक मुलीच्या घरच्यांना एकेक बंद लिफाफा दिला गेला, आत तिला सुचवलेली स्थळं. मी नवा सदरा घातला होता. बबनरावांनी माईकवर माझं नाव घेतलं तेव्हा मी उभं राहून 'जय भीम' केला, आणि खरं सांगतो, मला मंचावर खुर्ची मिळेल असं वाटून गेलं.

पहिली गडबड पाच मिनिटांनी सुरू झाली. एक बाई माझ्याकडे आल्या.

"भाऊ, हा चिरंजीव अ. ब. क. कुठं बसला आहे?"

मला काही कळेना. तेवढ्यात दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. सगळ्यांच्या यादीत पहिलं नाव एकच होतं. चि. अ. ब. क., मुक्काम पोस्ट क, जिल्हा वर्धा. तो समितीचा नमुना अर्ज होता. लोकांना अर्ज कसा भरावा हे कळावं म्हणून महादेवरावांनी स्वतः भरला होता, फक्त नाव आणि पत्ता. तो चुकून गठ्ठ्यात राहिला आणि मी इमानदारीनं कॉम्प्युटरमध्ये भरला.

"दिसाले कसा आहे?" एकीनं दुसरीला विचारलं.

"पाह्यला नाई. पण दोनशे घरं मागं लागले म्हणते, म्हणजे काई तरी असनच ना त्याच्यात."

बबनरावांनी परिस्थिती हाती घेतली. माईकवरून त्यांनी तीनदा पुकारलं, "चिरंजीव अ. ब. क., असान तिथून मंचाजवळ या!" चिरंजीव आले नाहीत. "लय भाव खाऊन राह्यला," असं मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

आणि यादीतलं दुसरं नाव, दोनशे चौदाच्या दोनशे चौदा लिफाफ्यांत, डॉ. रुपेश याचं होतं.

मी वळून पाहिलं. चर्चेच्या टेबलाशी रांग लागली होती. आया, बाप, मामा, दोन आत्या, एक निवृत्त फौजदार. रांगेच्या टोकाला रुपेश ताठ बसला होता, शर्टाचं वरचं बटण लावून. शेजारी, त्याला ओढून घेऊन आलेली तानाबाई. तिनं माझ्याकडे पाहून हात हलवला. कॉम्प्युटरनं बहिणीचं नातं ओळखलं असं तिला वाटत होतं.

मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणि प्रिंटर ठेवले होते, तिथं जाऊन मी धर्मेंद्रांना पुण्याला फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, तुमच्या डेटामध्ये रिकामे रकाने होते?"

"आमच्याकडे भरलेले कमी असतात."

"अरेरे. ओफास्ट म्हणजे कंपायलरला आपण शब्द देतो, की ती 'आकडा नव्हे'वाली खूण जगात नाहीच. मग तुमची तपासणी त्यानं फालतू म्हणून काढून टाकली असणार. इशाऱ्यांमध्ये आलं असेल बघा ते." इशारे कोणी बंद करायला सांगितले, हा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. दुसऱ्याचा जावई.

पुढचं मला माझं मलाच समजलं. माझा नियम होता, मुलीच्या अपेक्षेपेक्षा मुलाचं उत्पन्न कमी असेल तर नाव गाळावं. आता ती खूण कुठल्याच आकड्याहून कमी नसते, जास्तही नसते. पाच लाखांहून कमी नाही, पन्नास लाखांहूनही नाही. वयाचं तेच, उंचीचं तेच. इतरांनी एखादाच रकाना सोडला होता, ते दुसऱ्या रकान्यात अडकले. सगळे रकाने रिकामे असलेला माणूस कुठंच अडकला नाही. चाळीस सेकंद वाचवण्यासाठी मी माझ्या भाच्याला जिल्ह्यातल्या सगळ्या मुलींच्या तोडीचा करून ठेवला होता.

महादेवराव आत आले. त्यांच्या कपाळावर मुद्दे दिसत होते.

"थूल! मुद्दा क्रमांक एक, लोक मले विचारून राह्यले अ. ब. क. कोणाचा पोरगा आहे. मी काय सांगू, माहा आहे म्हणून? मुद्दा क्रमांक दोन, नवी यादी आत्ताच्या आत्ता वाटा. नाई तर समितीतून तुमचं नाव कमी!"

मी दोन्ही फ्लॅग काढले. नमुना अर्ज काढला. बटण दाबलं. अकरा मिनिटं मी त्या खोलीत बसून राहिलो. यादी आली. शुद्ध, नियमाप्रमाणे, एकही चूक नाही. रुपेशपुढे जुळणारी स्थळं, शून्य. 'प्रत्यक्ष चौकशी करावी.' प्रिंटर कागद बाहेर टाकू लागला आणि मला वाटलं, आता हे गठ्ठे घेऊन बाहेर गेलो की माझी अब्रू परत येईल. बावीस वर्षांची.

दारात रुपेश उभा होता.

"मामा, नवी यादी निघाली म्हणते."

"हो. चूक झाली रे. माझीच."

"मले पहिल्यापासूनच माहीत होतं. एवढे लोक माह्यासाठी काऊन येतील?" तो हसला. "मी प्रत्येकाले खरं सांगून राह्यलो. तासिका तत्त्व, अडतीस वय, सगळं. ऐकते आणि उठून जाते."

"मग?"

"मग काई नाई. पण मामा, ऐकून उठते. आजपर्यंत कोणी बसलंच नवतं." त्यानं मागं वळून टेबलाकडे पाहिलं. "आता रांग संपत आली. एक जण अजून उठली नाई. नंदिनी नाव आहे. आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिचे बाबा उठा म्हणून राह्यले, ती प्रश्नच विचारून राह्यली. तिच्या हातात नवी यादी पडली तर बाबा तिले घेऊन जातील. अर्धा तास थांबता येईल का?"

सहा वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी प्रिंटरकडे पाहिलं. तो खुशाल चालला होता, बिघडण्याची काही लक्षणं नव्हती. मी हात घालून त्याची वायर काढली आणि सरळ मंचावर गेलो.

माईक हातात घेतला. समोर सहाशे माणसं. "बंधू-भगिनींनो, प्रोग्रॅम पुन्हा बंद पडला आहे. प्रिंटरही बंद पडला आहे. नवी यादी यायला अर्धा तास लागेल."

"घरी मिक्सर तरी चालते का तुमच्यानं?" मागून एक जण ओरडला आणि सभागृह हसलं. पहिल्या रांगेत अंजू होती. तिनं पदर तोंडाला लावला, म्हणजे तीही हसत होती. तंत्रनिकेतनातले दोन विद्यार्थी बायोडाटा घेऊन उभे होते, ते एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. माझे कान तापले. तरी मी खाली उतरलो नाही. मी माईकवर आणखी एक गोष्ट सांगितली, मग आणखी एक, वायर सापडत नाही, कागद संपला, कागद सापडला पण शाई वाळली. जितका मी हास्यास्पद होत गेलो तितका वेळ जात गेला.

अर्ध्या तासाची पन्नास मिनिटं झाली. जेवणं उरकली. मंडपवाल्याची माणसं खुर्च्या उचलायला आली. त्यांनी एका टोकापासून खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात केली आणि रुपेशच्या टेबलाशी पोचली. टेबल त्यांनी उचलून नेलं. मग त्यातला एक नंदिनीला म्हणाला, "ताई, उठता का? खुर्ची न्यायची आहे."

ती उठली. नंदिनीचे बाबा, रूपराव, लगेच पिशवी घेऊन दाराकडे निघाले. तिनं खुर्ची त्या माणसाला दिली नाही. स्वतःच उचलली, बाहेर कडुलिंबाखाली नेऊन ठेवली आणि पुन्हा बसली. रुपेश आपली खुर्ची घेऊन तिच्यामागं धावला. रूपराव दारातच थांबले. थोड्या वेळानं त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"काय बोलून राह्यले असतीन?" तानाबाई माझ्या कानाशी म्हणाली.

त्याच वेळी महादेवराव कोरा कागद घेऊन माझ्यासमोर आले. त्यांना लेखी खुलासा हवा होता, सहीनिशी, जागच्या जागी. नोकरीत मी पुष्कळ खुलासे दिले आहेत आणि प्रत्येकात चूक वरच्याची कशी आहे हे नम्रपणे सिद्ध केलं आहे. यावेळी मी तो कागद गुडघ्यावर घेतला. झालेल्या संपूर्ण गोंधळास मी एकटा जबाबदार आहे, माझं ज्ञान अपुरं आहे, आणि मला समितीतून कमी करण्यात यावं, असं मी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. मध्ये दोनदा मान वर करून कडुलिंबाकडे पाहिलं. मग खाली झोकात सही ठोकली.